शिसं आणि राख: जपानमधल्या जुन्या झिलईदार भांड्यांविषयी

जपानच्या नारा शहरात तोदाइजी मंदिराचं एक जुनं लाकडी कोठार आहे. त्याचं नाव शोसोइन. तिथे जपून ठेवलेल्या वस्तूंमध्ये एक मातीचं झिलईदार ताट आहे. ते पालथं केलं की तळाशी काळ्या शाईत लिहिलेलं दिसतं: दीक्षामंडपातल्या पूज्य भिक्षूच्या नैवेद्याचं ताट, तेन्प्यो-शोहो सातवं वर्ष, सातवा महिना, 19 वा दिवस, तोदाइजी. आपल्या हिशेबानं हे साल 755.

ही तिथी कुणीतरी सहज लिहून ठेवलेली नाही. बरोबर एक वर्ष आधी, म्हणजे 754 च्या सातव्या महिन्याच्या 19 व्या दिवशी, शोमु सम्राटाची आई फुजिवारा नो मियाको वारली होती. म्हणजे हे तिच्या वर्षश्राद्धाचं ताट. त्या काळच्या विहारांत जेवणाच्या पंगतीत एक मानाची जागा अदृश्य पूज्य भिक्षूसाठी राखलेली असे. आधी त्याला वाढायचं, मग बाकीच्यांनी जेवायचं. मियाकोच्या नावानं त्या दिवशी जे वाढलं गेलं, ते अशा ताटांत. या बाईबद्दल जपानच्या राजवृत्तांतात एक नोंद आहे, ती वाचल्यापासून मला हे ताट निव्वळ संग्रहालयातली वस्तू वाटत नाही. 701 साली शोमु जन्मला आणि त्यानंतर मियाको मनानं इतकी खचली की तिनं माणसांत येणंच सोडलं. आई आणि मुलाची भेट झाली ती थेट 737 मध्ये, मुलगा सम्राट होऊन 13 वर्षं झाल्यावर.

या लेखाचा विषय ताटावरची झिलई हा आहे. पण जपानमधली सुरुवातीची झिलईदार भांडी समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते. ती रोजच्या स्वयंपाकघरासाठी जन्मलेलीच नव्हती. ती देवासाठी, मृतांसाठी आणि दरबारासाठी होती. त्यांचं पुढे काय झालं, हेही बरंचसं यातच दडलेलं आहे.

आता झिलई म्हणजे काय ते पाहू. साध्या मातीच्या माठात पाणी गार राहतं, कारण माठ झिरपतो. भाजलेल्या मातीत असंख्य बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी बाहेर येतं, वाऱ्यावर उडून जातं आणि आतलं पाणी गार होतं. माठासाठी हा गुण. तेल, मध, लोणचं किंवा दारू ठेवायची असेल तर हाच दोष. म्हणून आपल्याकडे लोणच्याला माठ चालत नाही, बरणी लागते. बरणीचा तो चकचकीत थर म्हणजे काच. अक्षरशः काच. भांड्याच्या अंगावर वितळवून बसवलेली, केसाहून थोडी जाड अशी काचेची कातडी. कल्हई जशी पितळेवर कथलाचं पांघरूण घालते, तशी झिलई मातीवर काचेचं घालते.

काच बनते वाळूपासून, म्हणजे सिलिकापासून. अडचण अशी की शुद्ध सिलिका वितळायला सुमारे 1700 अंश सेल्सिअस उष्णता लागते. कुंभाराच्या उघड्या आव्यात 800–900 अंशांच्या पुढे जाणंही अवघड. मग वाळू वितळणार कशी?

उन्हाळ्यात घरी पॉट आइस्क्रीम केलेलं ज्यांना आठवत असेल त्यांना याचं उत्तर हातानं माहीत आहे. बर्फात जाडं मीठ घातलं की बर्फ आपल्या नेहमीच्या तपमानाच्या खालीच वितळायला लागतो. मीठ बर्फाला वितळायला मदत करतं. सिलिकालाही असेच मदतनीस आहेत. काही पदार्थ तिच्यात मिसळले की तिचा वितळण्याचा बिंदू एकदम खाली येतो. अशा पदार्थाला आपण इथे द्रावक म्हणू. जुन्या जपानमध्ये दोन द्रावक वापरात होते. एक शिसं, दुसरी लाकडाची राख. शिसं मिसळलं की 700–800 अंशांतच काच होते. राखेला त्यापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे 1200 अंश उष्णता लागते. सगळा फरक या आकड्यांनी पाडला. शिशाची झिलई मऊ मातीच्या भांड्यावर, छोट्या भट्टीत बसते. राखेच्या झिलईला भांडंही तेवढ्या आगीत टिकणारं लागतं आणि भट्टीही दांडगी लागते.

जपानमध्ये भांडी घडवण्याची परंपरा जगातल्या सर्वांत जुन्या परंपरांपैकी आहे, 15,000 वर्षांहून मागे जाणारी. जोमोन काळातली ती दोरीच्या ठशांची भांडी अनेकांनी चित्रांत पाहिली असतील. तरीही मुद्दाम घातलेली झिलई तिथे दिसते ती थेट इसवी सनाच्या सातव्या शतकात. मधली हजारो वर्षं भांडी कोरीच होती. यात मागासलेपण काही नाही. उघड्या जाळात भाजलेल्या मडक्यात भात शिजतो, मासे शिजतात. झिलईची गरजच पडली नव्हती.

बदल सुरू झाला भट्टीपासून. पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियन द्वीपकल्पातून कुंभार जपानमध्ये आले आणि त्यांनी सोबत दोन गोष्टी आणल्या, चाकाचं कसब आणि डोंगरउतारात खोदलेली बोगद्यासारखी भट्टी. जपानी भाषेत हिला आनागामा म्हणतात, म्हणजे बिळातली भट्टी. खालच्या तोंडाशी जाळ, वर टोकाला धुराडं, आणि उतारामुळे आग आपोआप वर ओढली जाते. यात 1100–1200 अंश गाठता येऊ लागले. शेवटी भट्टीची तोंडं लिंपून हवा तोडली की आतला जाळ ऑक्सिजनसाठी कासावीस होतो आणि मातीतल्या लोहातला ऑक्सिजनही ओढून घेतो. लाल व्हायची ती भांडी करडी होतात. या कठीण, वाजवली की टणटणणाऱ्या करड्या भांड्यांना सुए भांडी म्हणतात. आजच्या ओसाकाच्या दक्षिणेच्या टेकड्यांमध्ये अशा शेकडो भट्ट्या सापडल्या आहेत.

याच भट्ट्यांत राखेची झिलई आपसूक जन्मली. दिवसच्या दिवस लाकूड जळतंय, राख जाळासोबत उडतेय आणि भांड्यांच्या खांद्यावर बसतेय. राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं. उष्णता पुरेशी वाढली की ही राख मातीतल्या सिलिकाला धरून वितळते आणि हिरवट काचेचे ओघळ भांड्यावरून खाली येतात. सुए भांड्यांपैकी काहींच्या खांद्यावर असे ओघळ दिसतात, जणू कुणी वरून काकवी ओतली आहे. कुंभारानं ते केलेलं नाही, आगीनं केलेलं आहे. कुंभार सुमारे तीन शतकं हे पाहत होते. पण मुद्दाम राख कालवून भांड्याला लावण्याचा विचार आठव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रत्यक्षात आला नाही. तिकडे मी पुढे वळतो. कारण मुद्दाम घातलेली पहिली झिलई राखेची नव्हती. ती शिशाची होती, आणि ती भट्टीच्या वाटेनं आली नाही, काचेच्या वाटेनं आली.

सातव्या शतकात राजधानी आसुका भागात होती. तिथे आसुकाइके नावाच्या ठिकाणी उत्खननात राजदरबारासाठी काम करणारा एक मोठा कारखानाच सापडला. सोनं, चांदी, तांबं, लोखंड, नाणी, आणि काच. काच वितळवायच्या मुशीही तिथे मिळाल्या. ही काच शिशाची होती. ज्याला शिशाची काच वितळवता येते, त्याच्याजवळ शिशाच्या झिलईचा अर्धा पाठ आधीच असतो. मणी ओतायचा तो रस भांड्यावर पसरायचा, इतकंच बाकी राहतं. कोरियन राज्यांत हिरव्या शिसेझिलईची माहिती होती आणि तिथले कारागीर जपानमध्ये येतच होते. आसुकातल्या कावारादेरा मंदिराच्या जागी हिरव्या झिलईच्या, पाण्याच्या लाटा कोरलेल्या फरशा मिळाल्या आहेत. बुद्धमूर्तीच्या आसपास जलाशयाचा भास व्हावा म्हणून त्या बसवल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. म्हणजे जपानमधली ही अगदी सुरुवातीची झिलई जेवणाच्या भांड्यावरही नव्हती, ती मंदिराच्या फरशीवर होती.

मग आठवं शतक. राजधानी नारा. चीनमध्ये थांग घराण्याचं राज्य, आणि तिथे तीन रंगांच्या झिलईची भांडी, घोडे, उंट, माणसं घडवून श्रीमंतांच्या कबरींत पुरली जात होती. जपानचे दूत, विद्यार्थी आणि भिक्षू चीनला जाऊन येत होते, आणि त्यांच्याबरोबर ही भांडीही येत होती. नारातल्या दाइआनजी मंदिराच्या जागी चिनी त्रिरंगी झिलईच्या उशांचे बरेच तुकडे सापडले आहेत. हो, मातीच्या उशा. याच दाइआनजीत पुढे एक भारतीय भिक्षू राहत होता, बोधिसेन. तो 736 मध्ये जपानला पोचला आणि 752 मध्ये तोदाइजीच्या भव्य बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्याच हातून झाला. आपल्या ताटाच्या आधी फक्त तीन वर्षं, त्याच मंदिरात.

चिनी भांड्यांकडे पाहून जपानी कारागिरांनी स्वतःची त्रिरंगी भांडी केली, ती आज नारा सान्साइ या नावानं ओळखली जातात. सान म्हणजे तीन, साइ म्हणजे रंग. हिरवा, पिवळसर तपकिरी आणि पांढरा. कधी सुरुवात झाली? 729 साली मेलेल्या ओहारिदा नो यासुमारो नावाच्या अधिकाऱ्याच्या कबरीत मृत्युलेखाच्या धातूच्या पट्टीसोबत अशा भांड्याचे तुकडे मिळाले. म्हणजे 729 च्या आत हे तंत्र नक्की हाती होतं.

आता पाककृती, कारण ती आपल्याला आश्चर्यकारकपणे ओळखीची आहे. 734 साली नारातल्या कोफुकुजी मंदिराचा पश्चिम सुवर्णमंडप बांधला गेला. त्या कामाच्या हिशेबाचे कागद शोसोइनमध्ये शिल्लक आहेत, आणि त्यांत झिलईदार वाडग्यांसाठी लागलेल्या सामानाची नोंद आहे. शिसं. ते भाजून केलेला लाल रंगाचा पदार्थ. पांढरा दगड. तांब्याचा हिरवा. लाल माती. एवढंच.

शिसं भाजून जो लाल पदार्थ होतो, त्याला आपण शेंदूर म्हणतो. मारुतीच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर आणि नाराच्या ताटावरच्या झिलईतला द्रावक एकाच जातीचा, शिशाचा लाल ऑक्साइड. पांढरा दगड म्हणजे गारगोटीसारखा, सिलिकानं भरलेला. तो कुटून वस्त्रगाळ करायचा. तांब्याचा हिरवा म्हणजे आपल्या जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर चढतो तो कळंक. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, ते याच हिरव्या तांब्यामुळे. लाल मातीत लोह असतं, गेरूत असतं तसं.

शेंदूर आणि गारगोटीची पूड पाण्यात कालवून भांड्याला लावली आणि भाजली की पारदर्शक काच होते. खालची माती पांढुरकी असेल तर तोच पांढरा रंग. म्हणजे तिसरा रंग हा खरं तर रंगच नाही, काचेतून दिसणारी माती आहे. त्याच मिश्रणात तांब्याचा हिरवा घातला की हिरवी झिलई, थोडी लाल माती घातली की पिवळी ते तपकिरी. तेच तांबं राखेच्या झिलईत किंवा कोंडलेल्या आगीत वेगळंच वागतं. शिशाच्या सोबतीत, मोकळ्या हवेच्या आगीत, ते हे स्वच्छ गवती हिरवेपण देतं.

काम दोनदा भाजून होई. आधी कोरं भांडं भाजायचं. मग त्यावर ब्रशनं रंग टिपक्या-टिपक्यांनी, जाळीसारखे, पट्ट्यांनी लावायचे आणि पुन्हा, कमी आगीत, भाजायचं. शिशाची झिलई वितळली की पाण्यासारखी पातळ होते, म्हणून रंग आपापल्या जागी थांबत नाहीत. ते शेजाऱ्यात घुसतात, उभ्या बाजूवरून खाली ओघळतात. नाराच्या भांड्यांवर हिरव्यात उमटणारे फिकट ठिपके पाहून जपानी लोक त्याला कानोको म्हणतात, हरणाच्या पाडसाच्या अंगावरचे ठिपके. नारात आजही हरणं रस्त्यातून मोकळी फिरतात, त्यामुळे ही उपमा तिथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

चिनी आणि जपानी भांड्यांत फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. चिनी कारागीर कोबाल्टचा गर्द निळाही वापरत, जपानच्या भांड्यांत तो नाही. चीनमध्ये ही कला मुख्यतः कबरीतल्या मूर्तींची. जपानमध्ये घोडे-उंट नाहीत. आहेत ते भिक्षापात्राच्या आकाराचे वाडगे, ताटं, औषधाच्या बरणीसारखी झाकणाची भांडी, छोटे स्तूप. वाकायामा प्रांतातल्या नागोसो इथे सापडलेली एक देखणी त्रिरंगी बरणी अस्थिकलश म्हणून पुरलेली होती. आता ती क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्यूशूच्या उत्तरेला समुद्रात ओकिनोशिमा नावाचं पवित्र बेट आहे. तिथे समुद्रप्रवास सुखरूप व्हावा म्हणून देवाला वस्तू वाहिल्या जात. त्या बेटावर चिनी त्रिरंगी सुरईचे तुकडेही मिळाले आणि नारा त्रिरंगी छोटी झाकणाची भांडीही. चीनला जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर, एकाच बेटावर, मूळ नमुना आणि त्यावरून घडलेलं जपानी भांडं दोन्ही देवापुढे ठेवलेली.

शोसोइनकडे परत येतो, कारण या विषयातला सर्वांत मोठा ठेवा तिथे आहे. शोमु सम्राट 756 मध्ये वारला. त्याच्या निधनानंतर 49 व्या दिवशी त्याच्या पत्नीनं, कोम्यो सम्राज्ञीनं, त्याच्या वापरातल्या 600 हून अधिक वस्तू तोदाइजीच्या बुद्धाला अर्पण केल्या आणि त्या या कोठारात ठेवल्या गेल्या. झिलईची भांडी मात्र त्या यादीतली नाहीत. ती मंदिराच्या विधींत वापरलेली, नंतर दक्षिण कोठारात आलेली. एकूण 57. त्यांना सरसकट त्रिरंगी म्हटलं जातं, पण मोजायला बसलं तर तिन्ही रंग असलेली फक्त 5 आहेत. 35 हिरवी-पांढरी, 12 नुसती हिरवी, 3 पिवळी, 2 पांढरी.

ही 57 भांडी इतकी मोलाची का, तर ती कधी मातीत गेलीच नाहीत. जमिनीत पुरलेल्या शिशाच्या झिलईला ओल खाते. पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो, चंदेरी होतो, रंग विटतो. खणून काढलेल्या भांड्यावर नारातला मूळ रंग आपण अंदाजानंच ओळखतो. शोसोइनमधल्या भांड्यांवर तो सुमारे पावणेतेराशे वर्षांनीही तसाच आहे. ओला, गवती, ताजा. या भांड्यांत एक ढोलकाचं अंगही आहे, डमरूसारखं मध्ये बारीक आणि दोन्ही तोंडांशी रुंद, सुमारे 38 सेंटीमीटर लांब, पूर्ण मातीचं आणि तिन्ही रंगांनी झिलई केलेलं. ते घडवणं किती कठीण असेल याचा अंदाज विसाव्या शतकात आला. मिनो भागातले कुंभार काटो ताकुओ यांनी राजघराण्याच्या खात्याच्या सांगण्यावरून या ढोलकाची प्रतिकृती केली. 1995 मध्ये त्रिरंगी झिलईच्या कलेसाठी त्यांना जपाननं जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला.

बराच काळ अनेकांना वाटत होतं की इतकी उत्तम भांडी चीनमधूनच आली असणार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माती, घडण आणि झिलई बारकाईनं तपासल्यावर ती जपानमध्येच घडल्याचं पक्कं झालं. शिसंही तसंच. शिशाचे वेगवेगळे समस्थानिक, म्हणजे वजनात किंचित फरक असलेले अणू, असतात आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खाणीखाणीनुसार बदलतं, माणसाच्या बोटाच्या ठशासारखं. त्या ठशांवरून जपानच्या स्वतःच्या खाणींतलं शिसं ओळखता आलं.

794 मध्ये राजधानी आजच्या क्योतोत गेली. नवव्या शतकात तीन रंगांची हौस मावळली आणि एकट्या हिरव्याचं राज्य सुरू झालं. दरबाराला आता चीनच्या युए भट्ट्यांतल्या हिरवट, जेडसारख्या भांड्यांचं वेड लागलं होतं. ती भांडी समुद्रमार्गे हाकाताच्या बंदरात, परदेशी पाहुण्यांसाठीच्या कोरोकान नावाच्या सरकारी विश्रामगृहात उतरत. या विश्रामगृहाची जागा 1987 मध्ये फुकुओकाच्या बेसबॉल मैदानाखाली सापडली. युएची भांडी उंच आगीतली, राखेच्या जातीच्या झिलईची. ती हुबेहूब करणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून जपानी कारागिरांनी आपल्या शिसेझिलईनं तोच आकार आणि तसाच हिरवा साधला. नक्कल हा शब्द इथे मला अपुरा वाटतो. चिनी भांड्याचा हिरवा थंड, धुक्यातला. जपानी शिशाचा हिरवा उजळ, कोवळ्या पानाचा.

या काळात ओवारी प्रांत पुढे आला, म्हणजे आजच्या नागोयाचा परिसर. 815 सालची राजवृत्तांतातली एक नोंद मला फार आवडते. ओवारीच्या यामादा तालुक्यातल्या ओतोमारो आणि आणखी दोघांनी झिलईदार भांडी बनवण्याचं शिक्षण पूर्ण केलं, म्हणून त्यांना सरकारी नोकरीत शिरण्याची पात्रता दिली, असं तीत म्हटलं आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या एका कुंभाराचं नाव, त्याचं गाव आणि त्यानं शिक्षण पूर्ण केल्याची नोंद, हे किती दुर्मीळ. जगभरातल्या जुन्या कुंभारांपैकी बहुतेकांची आपल्याकडे फक्त बोटांची रेघ उरते. पुढे 927 मध्ये पुऱ्या झालेल्या दरबारी नियमसंग्रहात ओवारी आणि नागातो या दोन प्रांतांनी झिलईची भांडी करापोटी पाठवायची, असं लिहिलं आहे.

आणि याच ओवारीत राखेची झिलई मुद्दाम केली जाऊ लागली. नागोयाच्या पूर्वेला सानागे डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या टेकड्यांमध्ये 1,000 हून अधिक जुन्या भट्ट्या आहेत. त्यांचं महत्त्व जगाला कळलं तेही अलीकडे. 1957 ते 1961 या काळात तिथे आइची कालवा खणला गेला, आजूबाजूची जमीन शेतीखाली आली, आणि टेकड्यांमधून भट्ट्या आणि भांड्यांचे तुकडे वर येत गेले. नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी धावपळ करून त्या नोंदवल्या. तोवर जपानमधल्या झिलईच्या इतिहासात आठव्या आणि बाराव्या शतकाच्या मध्ये मोठी पोकळी आहे असं वाटत होतं. सानागेनं ती भरून काढली.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. राख तर भट्टीत आपोआपही पडते, मग मुद्दाम लावलेली कशी ओळखायची? खूण सोपी आहे. उडती राख जाळाच्या बाजूला पडते, खांद्यावर, ओठावर, एकाच अंगाला. ती दुसऱ्या भांड्याच्या आडोशाला पोचत नाही. मुद्दाम लावलेली झिलई सगळीकडे सारखी असते, अनेकदा ब्रशचे फटकारेही दिसतात. दहाव्या शतकात ब्रश मागे पडला आणि भांडं झिलईच्या पाण्यात बुडवून काढायची पद्धत आली. काम पटकन होतं, भांडी जास्त निघतात. त्या काळाच्या वाडग्यांवर झिलईची कड चंद्रकोरीसारखी दिसते, बुडवताना भांडं जिथे पाण्याबाहेर राहिलं तिथे.

जुन्या कागदांत हिरव्या शिसेझिलईला निळं-हिरवं भांडं आणि राखेच्या झिलईला पांढरं भांडं म्हटलेलं आढळतं. मान हिरव्याचा. राखेची भांडी त्याच्या खालच्या पायरीवर. पण काळानं पायऱ्या उलट्या केल्या. अकराव्या शतकाच्या अखेरीस हिरवी शिसेझिलई जवळजवळ थांबली. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. शिसं आणि तांबं खाणीतून आणायचं, भाजायचं, कुटायचं, भांडं दोनदा भाजायचं, आणि हे सगळं कोणासाठी, तर दरबार, मोठी मंदिरं आणि सरकारी कचेऱ्यांसाठी. प्रांतांवरची दरबाराची पकड ढिली झाली, करापोटीची भांडी येणं थांबलं आणि चीनमधून व्यापारी जहाजांनी पांढरी चिनी मातीची भांडी मुबलक येऊ लागली. गिऱ्हाईकच उरलं नाही. शिवाय शिशाची झिलई मऊ असते, चमच्यानं ओरखडते, आणि आंबट पदार्थात शिसं उतरतं, ते विष आहे. नैवेद्याच्या ताटाला हे चालून गेलं. घरातल्या रोजच्या भांड्याला चाललं नसतं.

सानागेच्या भट्ट्यांनी त्यानंतर झिलई सोडून साधे कोरे वाडगे हजारोंनी काढले, आणि ते शेतकऱ्यांच्या घरांत पोचले. राखेची झिलई मात्र मेली नाही. सानागेच्या उत्तरेला लागूनच सेतो आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस तिथे ती पुन्हा धरली गेली आणि मध्ययुगात झिलईची भांडी म्हणजे सेतोची, असं समीकरण झालं. आजही जपानच्या मोठ्या भागात बशी-वाडग्यांना सरसकट सेतोमोनो म्हणतात, सेतोच्या वस्तू. शिशाची झिलई ठळकपणे परतली ती सोळाव्या शतकात, क्योतोत, चहाविधीच्या राकू भांड्यांतून. राकू भांडी घडवणाऱ्या घराण्याच्या मूळपुरुषानं, चोजिरोनं, 1574 च्या वसंतात घडवलेला एक झिलईदार सिंह आजही शिल्लक आहे.

शोसोइनच्या वस्तूंचं प्रदर्शन 1946 पासून शरद ऋतूत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरतं. दर वर्षी निवडक वस्तूच बाहेर येतात, त्यामुळे त्रिरंगी भांडं दिसेलच असं नाही. पण जपानच्या इतर संग्रहालयांत हिरव्या झिलईचे वाडगे वर्षभर पाहायला मिळतात. कधी गेलात तर वाडग्याचा आतला तळ पाहा. तिथे तीन बारीक ओरखडे दिसतील, त्रिकोणात. वितळलेली झिलई म्हणजे डिंक. भट्टीत एकावर एक ठेवलेली भांडी ती एकमेकांना चिकटवून टाकते. म्हणून ओवारीचे कुंभार दोन वाडग्यांच्या मध्ये तीन पायांचा, मातीचा छोटा टेकू ठेवत. भाजून झालं की टेकू मोडून काढायचा. तो जिथे टेकला होता, तिथे झिलई थोडी निघून येते आणि खालची करडी माती उघडी पडते, तीन ठिपक्यांएवढीच.